समुद्रासाठी सीताफळं

आमच्या गावात समुद्रावर काम करणारी मी एकटीच. धारूरच्या डोंगराला टेकून बसलेलं गाव आहे. तिथून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र लागेपर्यंत एक झोप पुरी होते. त्यामुळे मी पुण्याच्या ऑफिसात नेमकं काय करते हे सांगायची वेळ आली की घरचे गडबडतात. आई सरळ सांगून टाकते, ‘बांधकामात हाय.’ एवढ्यावर भागतं.

काम तसं समजायला अवघड नाही. कोकणात समुद्र किनारा खातो. कुठे माडांची रांग ओढून नेतो, कुठे रस्ता, कुठे कुणाच्या घरामागचं परसू. म्हणून तिथे दगड-काँक्रीटचे धूपप्रतिबंधक बंधारे बांधतात. बंधाऱ्यानं गाव वाचतं, पण पूर्वी तिथल्या खडकांवर जे जीव राहायचे, शिंपल्यांतली कालवं, खेकडे, गोगलगायी, शेवाळ, त्यांची पंचाईत होते. काँक्रीटची भिंत गुळगुळीत. ओहोटीला पाणी उतरलं की ती तव्यासारखी तापते. सावली नाही, ओल नाही, पाय रोवायला खाच नाही. आमच्या ऑफिसातले आम्ही चारदोन जण भिंतीचा दर्शनी भाग असा करायचा प्रयत्न करत होतो की तिनं लाटही झेलावी आणि या मंडळींना राहूही द्यावं. म्हणजे भिंतीवर खळगे हवेत, खाचा हव्यात, ओहोटीतही घोटभर पाणी धरून ठेवतील अशा वाट्या हव्यात.

त्या वर्षी एका बंधाऱ्याच्या छोट्या तुकड्यावर असे ठोकळे लावून बघायची परवानगी मिळाली होती. पाटाएवढे काँक्रीटचे ठोकळे करायचे आणि भिंतीवर बोल्टनं बसवायचे. साचे करून देणारा कारागीर मात्र आज देतो, उद्या देतो करत होता आणि जे देत होता ते फारच सुबक, यंत्रातून काढल्यासारखे होते. मी त्याच विवंचनेत असताना आईचा फोन आला.

आण्णा, म्हणजे माझे वडील, ग्रामपंचायतीची निवडणूक हरले होते. हे मला माहीत होतं. पण हरल्यावर ते कसे राहतायत हे माहीत नव्हतं. कित्येक वर्षं गाव त्यांच्या शब्दावर चाललं होतं. कुणाची भावकीची भांडणं, कुणाच्या मुलीची सोयरीक, कुठल्या गल्लीत नळ, सगळं आमच्या ओसरीवर ठरायचं. निकालानंतर त्यांनी फोन बंद करून कपाटात ठेवला. फाट्यावरच्या हॉटेलात चहाला जाणं सोडलं. ओसरीवर बसायचे, पण तोंड भिंतीकडे करून. आई म्हणाली, ‘मला काय बोलंनात. जेव म्हनलं की जेवत्यात, नीज म्हनलं की निजत्यात. एवडं ऐकनारा मानूस मी कवा बगितला न्हाई. तू ये बाई.’

मी साहेबांना सांगितलं की ठोकळे मी गावाकडे ओतून आणते. साहेब हसले. समुद्राचे ठोकळे बीड जिल्ह्यात, असं काहीसं पुटपुटले, पण हो म्हणाले. लोखंडी चौकटी गाडीत टाकून मी घरी पोचले.

आण्णांनी ‘आलीस का’ एवढं विचारलं आणि पुन्हा भिंतीकडे वळले. मीही कामाला लागले. गोठ्यासमोरच्या अंगणात ताडपत्री अंथरली, वाळू, खडी, सिमेंट आणून टाकलं. परळीच्या वीजकेंद्राकडून राखेच्या गोण्या मागवल्या, कारण निव्वळ सिमेंटचा ठोकळा नव्यानं पाण्यात गेला की जिवांना झोंबतो; राख घातली की त्याचा तिखटपणा जरा उतरतो आणि तो समुद्रात टिकतोही बरा. मग फावडं घेऊन मी माल कालवायला लागले.

आण्णांनी सरपंचपदाच्या कारकिर्दीत गावातला सिमेंटचा रस्ता केला होता, शाळेच्या दोन खोल्यांचा स्लॅब टाकला होता आणि दोन्ही वेळा ठेकेदाराच्या मानेवर बसून काम करून घेतलं होतं. त्यांच्या पाठीमागे कुणी माल कालवत असताना त्यांना भिंतीकडे बघत बसणं जमण्यासारखं नव्हतं. मी दुसऱ्यांदा पाणी ओतलं तेव्हा ओसरीवरून आवाज आला.

“पानी लई व्हायलंय.”

मला ठाऊक होतं की पाणी बरोबर आहे. तरी मी म्हटलं, “बघा बरं जरा येऊन.”

ते आले. मुठीत माल घेऊन दाबून बघितला, काही बोलले नाहीत, म्हणजे पाणी बरोबर होतं. पण परत ओसरीवरही गेले नाहीत. तिथेच बाजेवर टेकले आणि हे कशासाठी चाललंय ते विचारलं. मी सांगितलं. कालवाचं पिल्लू कसं असतं, अगदी डोळ्याला न दिसणारं, पाण्यात तरंगत फिरतं आणि एखादी खडबडीत, ओलसर जागा सापडली की तिथे चिकटतं. एकदा चिकटलं की जन्मभर तिथेच. आणि गुळगुळीत भिंतीवर त्याला तशी जागाच सापडत नाही, म्हणून आपण ती करून द्यायची.

आण्णांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्हंजी घरकुलच की.”

“तसंच समजा.”

“अन् लाभार्थी कोन निवडनार?”

“कुणी नाही. जो आधी येईल त्याचं घर.”

त्यावर ते कितीतरी महिन्यांनी हसले असं आईनं नंतर सांगितलं. मी तेव्हा ठोकळ्याच्या तळाशी थर्माकोलच्या अर्धगोल वाट्या मांडत होते. त्या मांडल्या, वरून काँक्रीट ओतलं की त्या जागी खळगे उरतात. आण्णांनी एक वाटी उचलली, अंगठा फिरवला आणि ही तर तुझ्या त्या भिंतीपेक्षाही गुळगुळीत आहे, हिच्यात कालव काय चिकटणार, असं विचारलं. त्यांचं म्हणणं खरं होतं. आम्हालाही ते कळत होतं, तोच तर कारागिराशी घोळ चालला होता. खळग्याच्या आत आणखी बारीक खळगे हवे होते.

दिवाळीच्या आसपासचे दिवस होते. डोंगरातल्या सीताफळांचा ढीग पडवीत पडलेला. आमचं दोघांचं लक्ष एकाच वेळी तिकडे गेलं की त्यांचं आधी गेलं, यावर आमचा अजून वाद आहे. आईचं मत असं की ढीग तिनं वेचून आणला होता, त्यामुळे तुम्ही दोघं बाजूला व्हा.

सीताफळाचं अंग डोळ्यासमोर आणा. प्रत्येक डोळा वर आलेला, मधे खाचा. ते चिकणमातीत अर्धं रोवायचं आणि वरून काँक्रीट ओतायचं. फळ निघालं की एक वाटी उरते आणि त्या वाटीच्या आत जिथे जिथे डोळा होता तिथे तिथे बोटाच्या पेराएवढी आणखी एक वाटी. एवढं बारीक काम आमच्या कारागिराच्या यंत्राला जमलं नसतं. फळ सुटून यावं म्हणून वरून तेल लावायचं. बांधकामावर जळकं ऑइल वापरतात, पण ते समुद्रात जायला नको, म्हणून घरातलं गोडंतेल घेतलं. आई बघत होती. दोन दिवस भाजीला तेल मोजून पडलं.

पहिली खेप फसली. चांगलीच फसली. आम्ही हौसेनं पिकलेली, डोळे उघडलेली, मोठाली फळं घेतली होती. साचे उघडले तर फळं आत दबून फुटलेली, मुंग्यांची रांग लागलेली आणि खळग्यांच्या भोवतीचं काँक्रीट ओल्या भाकरीसारखं भुसभुशीत. नखानं खरवडलं तर निघत होतं. बाकीचा ठोकळा मात्र टणक.

आण्णांनी लगेच सिमेंटवर संशय घेतला. मग राखेवर. मी म्हटलं, साखरेनं झालंय. फळ फुटलं, रस मालात मुरला, आणि साखर गेली की सिमेंट धरत नाही. त्यांना ते पटेना. एवढ्या उसाच्या मुलखात राहून हे आपल्याला कुणी सांगितलं कसं नाही, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा मी स्टीलच्या दोन पेल्यांत सिमेंट कालवलं, एकात चमचाभर साखर टाकली. दोन दिवसांनी एक पेला दगड झाला होता. दुसऱ्यातलं सिमेंट बोटानं दाबलं की खाली जायचं.

आण्णांनी तो दुसरा पेला हातात घेऊन कितीदा तरी दाबून बघितला. मग आत गेले, धुतलेला सदरा घातला, टोपी चढवली आणि दोन्ही पेले घेऊन फाट्यावरच्या हॉटेलात गेले. निकालानंतर पहिल्यांदा. तिथे त्यांनी आल्यागेल्याला ते पेले दाखवले. लोकांना वाटलं होतं आण्णा आले तर निवडणुकीचं बोलतील. आण्णा साखरेचं बोलले, कालवांचं बोलले, भरती-ओहोटीचं बोलले, जी त्यांनी स्वतः कधी बघितली नव्हती. संध्याकाळी परत आले ते अंगात वारं भरल्यासारखे. आईनं कपाटातून फोन काढून चार्जिंगला लावला.

नंतर आम्ही कच्ची, हिरवी, दगडासारखी फळं घेतली. ती फुटली नाहीत. साचे स्वच्छ उघडले. खळगे असे सुरेख उमटले की आई देखील पाण्यानं धुऊन हात फिरवून बघायला लागली. गोणपाटं टाकून त्यावर पाणी मारायचं काम तिनं आपणहून घेतलं.

हे चाललं असताना एका दुपारी नवा सरपंच दारात आला. तो आमचा लांबचा चुलतभाऊ. आण्णांचंच बोट धरून राजकारणात आलेला आणि त्यांनाच हरवलेला. आण्णा त्याच्यासमोर हातात थापी घेऊन बसलेले होते, तरी तो आईकडे बघून म्हणाला, “काकी, आण्णा हायत का?”

“समोर तर हायत,” आई म्हणाली. “त्यांनाच इच्चार.”

तो जरा वेळ पायानं खडी सारत उभा राहिला. मग म्हणाला, “आण्णा, हातानं कालवायलात. माजा मिक्सर मोकळाच हाय. पाठवू का?”

आण्णांनी ठोकळ्याची कड थापीनं सारखी केली. मला वाटलं, आता नाही म्हणतील. मी तोंडाशी काहीतरी जुळवत होते तेवढ्यात ते म्हणाले, “तुज्या मिक्सरवाल्याला पान्याचं माप कळतं का?”

“तुमी समोर उभे राहा. तुमच्यासमोर माप कवा चुकलंय माजं?”

“पाठव मग,” आण्णा म्हणाले. “अन् तूबी ये. बस की आता, च्या घे.”

निवडणुकीचा विषय त्या दिवशी निघाला नाही आणि माझ्या माहितीत अजूनही निघालेला नाही. मिक्सर आला, त्याच्याबरोबर चारजण आले आणि आमचं उरलेलं काम भराभरा उरकलं.

ठोकळे पिकून तयार झाले तेव्हा थंडी ओसरत आली होती. कांद्याच्या टेम्पोत कडब्याच्या पेंढ्या अंथरून ठोकळे भरले. मी मोजून वेगळे ठेवलेले, पहिल्या खेपेतले फसलेले तीन ठोकळे मला टेम्पोत दिसले. त्यांच्यातला भुसा ब्रशनं घासून काढलेला होता आणि आत बारीक खडी उघडी पडून खळगे दातेरी झाले होते. हे कुणी भरले असं विचारलं तर आण्णा टेम्पोच्या दोऱ्या आवळण्यात गुंतलेले. शेवटी म्हणाले की जागा हाय तर ऱ्हाऊ दे, आपलं काय जातंय. मीही मग ते तसेच राहू दिले. प्रयोगच होता. आणि आण्णा टेम्पोत पुढच्या सीटवर जाऊन बसले होते, त्यांना कुणी या म्हटलेलं नव्हतं.

त्यांनी समुद्र पहिल्यांदा बघितला तो घाट उतरून गेल्यावर, एका वळणावर, झाडांच्या मधून. किनाऱ्यावर उतरलो, तेव्हा चपला हातात घेऊन ओल्या वाळूत बराच वेळ उभे राहिले. लाट येऊन धोतराला लागली तरी मागे सरले नाहीत. मग मला विचारलं, “हे रातीबी असंच चालतं का?”

“रातीपण.”

“कुनी बगत नसलं तरी?”

मी हो म्हटलं. ते पुन्हा बघत राहिले. मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगणं अवघड आहे. मी इतकी वर्षं समुद्राची गणितं मांडत होते, लाटेची उंची, वाऱ्याची दिशा, आणि माझ्या वडिलांना समुद्र दाखवायचं मला सुचलं नव्हतं, त्यांनाही कधी मागावंसं वाटलं नव्हतं. पावसाचं पाणी बांधाबांधानं अडवण्यात त्यांचा जन्म गेला होता. एवढं पाणी एका ठिकाणी, आणि ते कुणाचंच नाही, हे ते बघत होते.

अमावस्येच्या सुमाराची मोठी ओहोटी आम्ही निवडली होती. पाणी लांब गेलं, बंधाऱ्याचा पायथा उघडा पडला आणि आम्ही ठोकळे बसवायला घेतले. तिथल्या खडकांवर कालवं काढणारी एक मावशी आली. वय आण्णांच्याच आसपास, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात कोयती, कमरेला टोपली. ती थोडा वेळ आमचं काम बघत राहिली आणि मग तिनं आण्णांना विचारलं की तुम्ही कुठले. बीड जिल्हा, आण्णा म्हणाले. तिथे कुठली खाडी, असं तिनं विचारलं. खाडी नाही, समुद्र नाही, काही नाही, असं आण्णांनी अभिमानानं सांगितलं.

तिचा या ठोकळ्यांवर विश्वास नव्हता. बंधारा झाला तेव्हापासून तिच्या रोजच्या जागा त्याच्याखाली गाडल्या गेल्या होत्या आणि तिला आता पुढच्या टोकापर्यंत चालत जावं लागत होतं. “ह्या भिंतीर काय नाय ऱ्हात,” ती म्हणाली. “पाय घसरतो तेवढा.” आण्णांनी तिला कालवाच्या पिल्लाची सगळी हकीकत ऐकवायला घेतली. जन्मभर कालवं काढलेल्या बाईला माझे वडील कालव कसं जगतं ते सांगत होते. मी मान खाली घालून बोल्ट पिळत होते. तिनं मात्र शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि पाणी वाढायला लागलंय, आता चढा वर, एवढं सांगून ती निघून गेली.

मग पावसाळा गेला. मधल्या काळात आण्णांनी मला फोन करून करून भंडावलं. मी दर वेळी सांगायची की समुद्र खवळलेला आहे, कुणी खाली उतरू शकत नाही. दिवाळी होऊन थंडी पडली आणि आम्ही पुन्हा गेलो. या खेपेला आईही आली. तिचं म्हणणं, एवढं तेल कुठं गेलं ते तरी बघू दे.

ओहोटीला खाली उतरलो. आधी उजवीकडची साधी भिंत लागली, हिरवट, निसरडी, मोकळी. मग आमचे ठोकळे. लांबून काळे-पांढरे डाग दिसत होते. जवळ गेलो तर प्रत्येक खळग्यात पाणी साठलेलं. त्या पाण्यात शेवाळाचे धागे, मुगाएवढ्या गोगलगायी, एका खळग्यात नखाएवढा खेकडा, आम्हाला बघून पाठीमागे सरकणारा. आणि खळग्यांच्या कडांना चिकटलेली कालवं, अजून करंगळीच्या नखाएवढी, पण घट्ट. थर्माकोलच्या गुळगुळीत वाट्यांचे जे थोडे ठोकळे मी तुलनेसाठी लावले होते, त्यांत पाणी होतं, पण वस्ती विरळ.

सगळ्यांत दाट वस्ती त्या फसलेल्या तीन ठोकळ्यांवर होती. आण्णांनी माझ्याकडे बघितलं. पण त्यांतल्या एकाची अख्खी कड लाटांनी फोडून नेली होती आणि दुसऱ्याला तडा गेला होता. ते मी त्यांना दाखवलं. भुसभुशीत झालेली जागा समुद्रानं बरोबर शोधून काढली होती. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आणि हळहळ दोन्ही एकदमच आली. तडा गेलेल्या ठोकळ्यावरून त्यांनी हात फिरवला आणि हे आता पडायचं, यांच्यावरच्यांचं काय करायचं, असं मला विचारलं. मावशी कधी मागे येऊन उभी राहिली होती कळलं नाही. ती वाकली, कोयतीचं टोक न लावता नुसत्या बोटानं एका कालवाची कड चाचपली आणि म्हणाली, “ऱ्हाऊ दे. घट्ट धरलानी आहे.” आणि मग आण्णांना बजावलं की पुढची दोन वर्षं तरी इथे कुणाला हात लावू देऊ नका. आण्णा म्हणाले, मी तर बीडला असतो, तुम्हीच लक्ष ठेवा. तिनं मान डोलावली. आई आणि ती मग खडकावर बसून बराच वेळ बोलत होत्या. काय बोलल्या ते आईनं सांगितलं नाही. पण परतताना आईच्या पिशवीत सुकटीची पुडी होती आणि मावशीकडे शेंगदाण्याच्या चटणीची.

ऑफिसात मी फोटो आणि दोन्ही खेपांच्या ठोकळ्यांची तपासणी साहेबांपुढे ठेवली. फसलेल्या खेपेतून आम्ही एवढं घेतलं की हिरव्या फळाच्या साच्यातून ठोकळा काढल्यावर तो ओला असतानाच आतून ब्रशनं घासायचा, म्हणजे खडी उघडी पडते आणि ताकदही जात नाही. बंधाऱ्याचा पुढचा तुकडा आता त्या पद्धतीनं होतो आहे. फळाचा ठसा घेऊन रबरी साचे केलेत, ओतकाम तिथेच कोकणात चालतं. आमच्या अंगणात आता फक्त ताडपत्रीचे डाग राहिलेत.

आण्णांनी पुन्हा निवडणूक लढवायची की नाही हे अजून ठरवलेलं नाही. चुलतभाऊ अधूनमधून ओसरीवर येऊन बसतो, कामाचं विचारतो. पण भिंतीवरच्या कॅलेंडरात आण्णा आता फक्त चतुर्थी आणि बाजाराचा वार बघत नाहीत. अमावस्या आणि पौर्णिमा आली की त्यांचा सकाळी सकाळी फोन येतो. आज उधाण असेल, पाणी कुठवर चढलं ते विचारून सांग, म्हणतात. मग मी मावशीच्या सुनेला फोन लावते, ती मावशीला विचारते आणि दुपारपर्यंत धारूरच्या डोंगराखाली त्या दिवशीची भरती पोचलेली असते.